मालक कोण? पार्लमेंट, कोर्ट की राज्यघटना?

(गिरणी कामगारांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाळी सुटली तरी घरी न जाता आपण इथे थांबलात. पोटात भूक आहे, अंगाला कापूस चिकटलेला आहे, उद्या पुन्हा गेटावर हजेरी आहे. अशा वेळी पगारावर बोलावे, महागाईवर बोलावे. ते सोडून आम्ही आज राज्यघटनेवर बोलायला उभे राहिलो आहोत. कोणी म्हणेल, चार बुके शिकलेल्या साचेवाल्याला घटनेतले काय कळते? खरे आहे. आमची शाळा चौथीत सुटली. घटना आम्ही युनियनच्या कचेरीत, रात्री, वकीलसाहेबांच्या शेजारी बसून, एकेका कलमावर बोट ठेवून समजून घेतली. पण तार कुठे तुटली हे ज्याला चालत्या साच्यावर दिसते, त्याला कायद्यात फट कुठे ठेवली आहे तेही सावकाश दिसायला लागते.

आपल्याकडे म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. या म्हणीने मालकांचा फार फायदा झाला. ते पायऱ्या चढत राहिले आणि आपण शहाणे म्हणून खाली उभे राहिलो! आज त्या पायरीवर काय काय घडले ते आपण पाहू या. आणि त्यातला सगळ्यात मोठा खटला एका कापड गिरणीचा आहे, म्हणून तर तो आपल्यापुढे मांडायचा.

दोन नोटिशींची गोष्ट

आधी घरचीच गोष्ट सांगतो. काही वर्षांमागे आम्ही ज्या गिरणीत होतो, तिचे नाव घेत नाही, तिथे एके दिवशी खात्याच्या दाराशी नोटीस लागली. एका माणसाने चार साचे पाहायचे, त्याचे सहा केले. पगार तोच. आम्ही स्टँडिंग ऑर्डर काढली. तिच्यात तक्रारीचे कलम होते. कामगाराची तक्रार ऐकून घेतली पाहिजे असे त्यात स्पष्ट लिहिले होते. आम्ही तक्रार दिली. आठ दिवसांनी त्याच दाराशी दुसरी नोटीस लागली, "यापुढे व्यवस्थापनाने काढलेल्या नोटिशीबद्दल कोणतीही तक्रार ऐकली जाणार नाही."

आमच्यातला एक म्हातारा विणकर ती वाचून म्हणाला, "पोरांनो, पहिल्या नोटिशीनं घाम घेतला. या दुसरीनं जीभ घेतली. आता तिसरी कशाची लागेल ते विचारायचीही सोय राहिली नाही."

बंधूंनो, म्हाताऱ्याचे हे बोल ध्यानात ठेवा. देशाच्या दारावरही एकदा अशीच दुसरी नोटीस लागली होती. ती कोणी लावली, कशी लावली आणि कोणी फाडली, हेच आज सांगायचे आहे.

तीन खाती

गिरणीत जशी खाती, तशी राज्यकारभारात तीन. पार्लमेंट कायदा करते. सरकार, म्हणजे मंत्रिमंडळ, कायद्याप्रमाणे कारभार करते. कोर्ट सांगते की कायदा आणि कारभार घटनेला धरून आहे की नाही. मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार आहे, तसे घटनेच्या ७५ व्या कलमात लिहिले आहे. लोकसभा आपल्याला जबाबदार आहे. पाच वर्षांनी तिला आपल्या दारात यावे लागते. आणि कोर्ट? त्याला निवडणूक नाही, त्याला घटनेचा शब्द बांधतो.

आता वाद असा की या तिघांत थोरला कोण? पार्लमेंट म्हणते, आम्हाला लोकांनी निवडले, आम्ही थोरले. कोर्ट म्हणते, तुम्हाला निवडले ते घटनेप्रमाणे, तेव्हा घटना थोरली, आणि घटनेचा अर्थ आम्ही सांगणार. दिसायला हा वकिलांचा वाद आहे. पण या वादात कधी कुळाची जमीन गेली, कधी कामगाराचा बोनस गेला, कधी माणूस विनाचौकशी तुरुंगात गेला.

आमची माया आधी पार्लमेंटकडे होती

खरे ते सांगितले पाहिजे. या वादाच्या पहिल्या फेरीत आपल्यासारख्या कष्टकऱ्यांची माया पार्लमेंटकडे होती, आणि ती बरोबरच होती. कारण कोर्टात कोण गेले होते? जमीनदार! स्वातंत्र्यानंतर जमीनदारी मोडायचे कायदे झाले, तेव्हा जमीनदारांनी मालमत्तेचा मूलभूत हक्क पुढे केला. पार्लमेंटने १९५१ साली पहिली घटनादुरुस्ती केली आणि नववे परिशिष्ट जोडले. त्या परिशिष्टात टाकलेला कायदा मूलभूत हक्कांविरुद्ध आहे म्हणून कोर्टाने रद्द करायचा नाही. त्याच वर्षी शंकरीप्रसाद खटल्यात सुप्रीम कोर्टानेही मान्य केले की पार्लमेंट मूलभूत हक्कांतही दुरुस्ती करू शकते.

मग १९६७ साली पंजाबातला गोलकनाथ खटला आला. जालंधरच्या या घराण्याची सुमारे ५०० एकर जमीन होती. अकरा न्यायाधीश बसले आणि सहा विरुद्ध पाच अशा मतांनी सांगितले की मूलभूत हक्कांना पार्लमेंटने हात लावायचा नाही. त्यानंतर बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा १९७० साली कोर्टाने रद्द केला. संस्थानिकांचे तनखे बंद केले, तो हुकूमही त्याच वर्षी रद्द केला. सांगा, जमीनदार, बँकवाले आणि राजेरजवाडे ज्या दारातून हसत बाहेर येतात, त्या दाराला कष्टकऱ्याने हात का जोडावे? त्या काळातल्या कामगार चळवळीत कोर्टाला "मालकाचे कोर्ट" म्हणत, ते उगीच नव्हे.

पार्लमेंटने १९७१ साली चोविसावी दुरुस्ती केली आणि गमावलेली सत्ता परत घेतली. तिच्याविरुद्ध उभा राहिलेला माणूस होता केरळातल्या कासरगोडजवळच्या एडनीर मठाचा स्वामी, केशवानंद भारती. मठाच्या जमिनी जमीन सुधारणा कायद्यात जात होत्या. हा खटला ६८ दिवस चालला. तेरा न्यायाधीश बसले. इतके मोठे खंडपीठ सुप्रीम कोर्टात आधी कधी बसले नव्हते. निकाल लागला २४ एप्रिल १९७३ रोजी, सात विरुद्ध सहा.

निकाल काय? पार्लमेंटला घटना बदलता येईल. मूलभूत हक्कांचे कलमही बदलता येईल. पण घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही.

चौकट हा शब्द साचेवाल्याला समजावून सांगायला नको. साच्याची फणी बदला, धोटा बदला, बीम बदला, सुताचा नंबर बदला. साचा तोच राहतो, कापड वेगळे निघते. पण चौकटच उपसून काढली तर उरते ते भंगार. त्याच्यावर कापड विणता येत नाही.

मठाला या निकालातून हवे ते मिळाले नाही. केरळचे जमीन कायदे टिकले. म्हणजे दावा हरला, तत्त्व जिंकले. हे नीट ध्यानात घ्या, कारण पुढे गिरणीच्या खटल्यातही असेच झाले.

सरकारला हा निकाल रुचला नाही. दुसऱ्याच दिवशी नवा सरन्यायाधीश जाहीर झाला, आणि ज्यांचा हक्क ज्येष्ठतेने होता अशा तीन न्यायमूर्तींना डावलले गेले. तिघेही सरकारविरुद्ध मत दिलेले! जॉबरने सांगितलेले न ऐकणाऱ्याची बढती जशी थांबते, तशी ही गोष्ट. तिघांनी राजीनामे दिले.

मग आली आणीबाणी

१२ जून १९७५ रोजी अलाहाबाद हायकोर्टाने पंतप्रधान इंदिरा गांधी यांची निवडणूक रद्द ठरवली. २५ जूनला आणीबाणी लागली. सुप्रीम कोर्टात अपिलाची सुनावणी ११ ऑगस्टला होती. आदल्या दिवशी, १० ऑगस्टला, एकोणचाळिसाव्या घटनादुरुस्तीवर राष्ट्रपतींची सही झाली होती! ती दुरुस्ती म्हणत होती, पंतप्रधानांच्या निवडणुकीचा खटला कोर्टात चालणारच नाही. कबड्डीत गडी बाद झाला म्हणून मैदानाची रेघच पुसून दुसरी आखावी, तसा हा प्रकार. नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने ते कलम मूलभूत चौकटीच्या तत्त्वावर रद्द केले. पण निवडणूक कायदाच मागल्या तारखेपासून बदलला होता, म्हणून निवडणूक मात्र कायम झाली.

आता आपल्या चुलीकडे या. १९७२ साली किमान बोनस ८.३३ टक्के झाला होता, म्हणजे वर्षाला एका महिन्याचा पगार. १९७५ च्या सप्टेंबरात वटहुकूम निघाला आणि तो ८.३३ चा ४ टक्के झाला. अर्ध्याहून जास्त दिवाळी गेली! एरवी असा वटहुकूम निघता तर गिरण्यांच्या दारादारांत सभा झाल्या असत्या, रस्ते लाल झाले असते. पण सभा बंद, मोर्चा बंद, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. मिसा आणि डीआयआर मिळून लाखावर माणसे आत गेली, त्यांत युनियनचे कार्यकर्तेही होते. बोलणार कोण?

ज्यांना विनाचौकशी आत टाकले त्यांच्यासाठी अर्ज झाले. नऊ हायकोर्टांनी सांगितले की आम्ही अर्ज ऐकू शकतो. सरकार सुप्रीम कोर्टात गेले. तिथे न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी सरकारी बाजूला एक साधा प्रश्न केला. एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैराने एखाद्याचा जीव घेतला, तरी आणीबाणीत दाद मागता येणार नाही काय? सरकारच्या महान्यायवादींना होय म्हणावे लागले. आणि तरी २८ एप्रिल १९७६ रोजी पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारची बाजू उचलून धरली. एकटे खन्ना विरोधात राहिले. पुढल्या जानेवारीत सरन्यायाधीशपदाचा त्यांचा हक्क डावलला गेला आणि त्यांनीही राजीनामा दिला.

चौघांत आपले पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड होते. हे लपवायचे कारण नाही. आपला माणूस चुकला तर चुकला म्हणायचे. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो १९७६ चा निकाल चूक होता असे स्पष्ट लिहिले, आणि ते लिहिणारे न्यायमूर्ती होते यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड. बापाची चूक मुलाने कागदावर दुरुस्त केली. पण जे आत सडले त्यांची वर्षे कोण परत देणार?

दुसरी नोटीस

आणि याच काळात, १९७६ च्या अखेरीला, बेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली. विरोधी पक्षांचे कितीतरी खासदार तुरुंगात. लोकसभेची पाच वर्षांची मुदत या दुरुस्तीने सहाची केली. म्हणजे घरमालकाला न विचारता भाडेकरूनेच करार वाढवून घेतला!

तिच्यातल्या ५५ व्या कलमाने घटनेत दोन ओळी घातल्या. एक, पार्लमेंटच्या घटना बदलण्याच्या अधिकाराला कसलीही मर्यादा नाही. दोन, कोणत्याही घटनादुरुस्तीविरुद्ध कोणत्याही कोर्टात तक्रार चालणार नाही.

बंधूंनो, ओळखलीत का ही नोटीस? आमच्या खात्याच्या दाराशी लागली होती तीच!

पण त्या दुरुस्तीत आपल्यासाठी गूळही ठेवला होता. घटनेच्या सरनाम्यात "समाजवादी" हा शब्द आला. कारखान्याच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा, हे तत्त्व ४३-क कलमात आले. आणि तिच्या चौथ्या कलमाने सांगितले की सरकारने मार्गदर्शक तत्त्वांसाठी, म्हणजे पुरेसे वेतन, काम, गरिबांचे हित यासाठी कायदा केला, तर तो १४ व्या आणि १९ व्या कलमाविरुद्ध आहे म्हणून रद्द होणार नाही.

ऐकायला किती गोड! भाकरी आधी, हक्क मागून. आमच्यातलेही काही जण तेव्हा भुलले असतील तर त्यांना दोष देता येत नाही. उपाशी माणूस ताट आधी पाहतो. पण १४ वे कलम कोणते? कायद्यापुढे सगळे समान. आणि १९ वे? बोलण्याचे, सभा भरवण्याचे, आणि युनियन काढण्याचे स्वातंत्र्य! म्हणजे सरकार म्हणत होते, तुम्हाला भाकरी देतो, फक्त तोंड द्या. आणि भाकरी आली का नाही हे विचारायला तोंडच नाही. बोनस ८.३३ चा ४ केला तो याच सरकारने, हे विसरू नका.

मिनर्व्हा मिल

आता आपली गिरणी येते. बंगलोरची मिनर्व्हा मिल. कारभार बिघडला म्हणून १९७१ साली सरकारने ती चालवायला घेतली. पुढे १९७४ साली आजारी कापड गिरण्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा झाला. त्यात देशभरातल्या १०३ गिरण्या सरकारजमा होऊन नॅशनल टेक्स्टाइल कॉर्पोरेशनकडे गेल्या, त्यांत मिनर्व्हाही गेली. आणि १९७५ साली हा कायदा नवव्या परिशिष्टात टाकला गेला.

मालक कोर्टात गेले. वकील होते मुंबईचे नानी पालखीवाला. मालकांना गिरणी परत हवी होती, दुसरे काय? पण गिरणीपर्यंत पोचायला वाटेत बेचाळिसावी दुरुस्ती आडवी होती. म्हणून आधी तिच्यावर घाव घालावा लागला. आपण हे ओळखून असावे. मालक लोकशाहीच्या प्रेमाने कोर्टात गेले नव्हते. पण विहीर कोणी का खणेना, पाणी लागले तर गाव पितो.

निकाल १९८० साली लागला. तेव्हा इंदिरा गांधी मोठ्या बहुमताने परत सत्तेवर आल्या होत्या. सरन्यायाधीश होते तेच यशवंतराव चंद्रचूड. चार वर्षांपूर्वी ज्यांनी मान खाली घातली होती, त्यांनी या वेळी ताठ ठेवली. ५५ वे कलम पाचही न्यायमूर्तींनी रद्द केले. कारण आमच्या भाषेत सांगायचे तर असे : घटनेने पार्लमेंटला मोजका अधिकार दिला आहे. त्या मोजक्या अधिकाराने स्वतःला बेमर्याद करून घेता येत नाही. मुकादमाला हजेरी घ्यायला पुस्तक दिले, म्हणून त्याने त्याच पुस्तकात "मी मालक" असे लिहून घ्यायचे काय? आणि कोर्टाचे दार पूर्ण बंद करणे म्हणजे तर चौकटच मोडणे. मर्यादा आहे म्हणायचे, पण ओलांडली का हे पाहणारा कोणी ठेवायचा नाही, तर ती मर्यादा कसली?

चौथे कलमही रद्द झाले, पण तिथे मते चार विरुद्ध एक पडली. न्यायमूर्ती भगवती म्हणाले की गरिबांसाठी खरोखर केलेल्या कायद्याला असे संरक्षण असायला हरकत नाही. त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हे. गरिबाच्या कायद्याला श्रीमंताच्या हक्काने अडवले, हे आपण जमीनदारांच्या वेळी पाहिलेच आहे. पण बाकीच्या चौघांनी सांगितले की मूलभूत हक्क आणि मार्गदर्शक तत्त्वे यांचा तोल हीच घटनेची चौकट आहे. आम्ही याला ताणा आणि बाणा म्हणतो. नुसत्या बाण्याचे कापड होत नाही, नुसत्या ताण्याचेही होत नाही. भाकरी आणि आवाज दोन्ही लागतात; एकासाठी दुसरे गहाण टाकायचे नाही.

आणि मालकांचे काय झाले? गिरणी परत मिळाली नाही. १९८६ साली सुप्रीम कोर्टाने राष्ट्रीयीकरणाचा कायदा वैध ठरवला. मालकाची गिरणी गेली, देशाची घटना राहिली. याहून चांगला सौदा आम्ही तरी ऐकलेला नाही.

पण कोर्ट म्हणजे देव नव्हे

आता कोणी म्हणेल, मग झाले तर! कोर्ट आहे, आपण निवांत घरी जाऊन झोपू. नाही बंधूंनो. कोर्टाने हात वर केलेले प्रसंगही मोजा.

पहिला आपल्या महाराष्ट्राचा. १९५६ साली राज्य पुनर्रचनेचे विधेयक आले, त्यात मुंबई केंद्राच्या ताब्यात आणि महाराष्ट्र, गुजरात वेगळे असे तीन तुकडे होते. त्यावर मुंबईच्या विधिमंडळाचे मत घेतले. मग पार्लमेंटने ते बदलून सगळ्यांचे एक द्विभाषिक राज्य केले, आणि या नव्या बेतावर विधिमंडळाला पुन्हा विचारलेच नाही. बाबूलाल पराते यांनी दावा लावला. ऑगस्ट १९५९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितले की तिसऱ्या कलमाप्रमाणे पुन्हा विचारायची गरज नाही. कोर्टाचे दार बंद झाले. तरी १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला ना? तो हुतात्म्यांच्या रक्ताने झाला, १९५७ च्या मतपेटीने झाला, या गिरणगावाच्या पायांनी झाला. कायदा मोडला का हे कोर्ट सांगते. शब्द मोडला का हे लोकांनीच सांगायचे असते.

दुसरा प्रसंग गिरण्यांच्या जमिनींचा. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरणीच्या जमिनीचा विकास करताना साधारण एक वाटा पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला, अशी वाटणी होती. २००१ साली राज्य सरकारने नियमात दुरुस्ती केली, की वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची. शेड पाडून मोकळी होईल ती त्यात धरायची नाही. आता सांगा, गिरणीत रिकामी जमीन किती आणि शेडखालची किती? तुम्ही तिथेच राबलात, तुम्हाला मोजायला टेप नको. मुंबई हायकोर्टाने ऑक्टोबर २००५ मध्ये लोकांच्या बाजूने निकाल दिला. सुप्रीम कोर्टाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला. एका ओळीने एकरांच्या एकर सरकले, आणि त्या ओळीसाठी विधानसभेत नवा कायदासुद्धा लागला नाही. पण आम्ही आपल्यालाही विचारतो : २००१ साली ती ओळ लिहिली जात होती, तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी आपल्या आमदाराच्या दारात जाऊन "ही ओळ कोणासाठी?" असे विचारले?

आणि कोर्टाला कोणी विचारायचे? १९९३ च्या निकालापासून न्यायाधीश नेमण्यात वरिष्ठ न्यायाधीशांचाच शब्द अखेरचा झाला. २०१४ साली पार्लमेंटने नेमणुकांसाठी आयोग आणला. २०१५ साली सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक मतांनी तो रद्द केला. कारण दिले की न्यायालयाचे स्वातंत्र्य हीसुद्धा मूलभूत चौकट. १९७३ साली तीन न्यायमूर्ती कसे डावलले गेले ते पाहिल्यावर सरकारच्या हाती नेमणुकीची किल्ली देऊ नये हे आम्हाला पटते. पण बंद खोलीत आपणच आपले वारस निवडायचे, हेही आम्हाला पटत नाही. जे पार्लमेंटला लागू, ते कोर्टालाही लागू : मर्यादा आहे तर ती पाहणारा कोणी पाहिजे. कामगारांनी कोर्टाचा मान राखावा, आरती ओवाळू नये.

मग आपण काय करायचे?

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. पार्लमेंट मालक नाही, सरकार मालक नाही, कोर्टही मालक नाही. तिघेही नोकर आहेत आणि घटना ही त्यांची स्टँडिंग ऑर्डर आहे. ती आपण, भारताच्या लोकांनी, स्वतःला दिली आहे असे तिच्या सरनाम्यातच लिहिले आहे. तिघांनी एकमेकांवर नजर ठेवावी आणि आपण तिघांवर ठेवावी.

ती ठेवायची कशी, ते सांगतो.

पहिले, दार ओळखा. मंत्र्याने चुकीचे धोरण केले तर दार विधानसभेचे, लोकसभेचे आणि मतपेटीचे. अधिकाऱ्याने कागद दडवला तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. दहा रुपये भरून अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. हक्क मोडला तर दार कोर्टाचे. चुकीच्या दारावर डोके आपटून कपाळ फुटते, दार उघडत नाही.

दुसरे, कोर्टाची पायरी चढा. वकिलाला पैसे नाहीत म्हणून परत फिरू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या बाराव्या कलमात औद्योगिक कामगाराला फुकट वकील मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे. किती जणांना माहीत होते? हात वर करा. पाहा, चारच हात!

आणि चढल्यावर काय होते, तेही ऐका. १९८२ साली मुंबईत आपल्या बापजाद्यांचा मोठा संप चालू होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नॅशनल टेक्स्टाइल वर्कर्स युनियनच्या खटल्यात सुप्रीम कोर्टापुढे एक प्रश्न आला : कंपनी गुंडाळण्याचा अर्ज चालला असताना कामगारांना बोलू द्यायचे की नाही? तोवर कंपनी म्हणजे भागीदार आणि सावकार. कामगार कोणीच नाही! तीन विरुद्ध दोन मतांनी कोर्टाने सांगितले, कामगारांचे ऐकले पाहिजे. भांडवल घालणाऱ्याइतकाच राबणाऱ्याचाही कंपनीशी संबंध आहे. मिनर्व्हाच्या निकालात ज्यांचे मत वेगळे पडले होते, ते न्यायमूर्ती भगवती या तिघांत होते. पाहा बंधूंनो, तेरांत सात, अकरांत सहा, पाचांत तीन! एका मताने इकडचे तिकडे होते. म्हणून म्हणतो, तिथे आपला माणूस उभा असला पाहिजे आणि बाहेर आपण उभे असलो पाहिजे.

तिसरे आणि शेवटचे. पहिल्या नोटिशीवर जेवढे चिडता, त्याच्या दुप्पट दुसऱ्या नोटिशीवर चिडायला शिका. पगार कापला तर लढून परत मिळतो. १९७५ साली गेलेला बोनस १९७७ साली परत ८.३३ टक्के झाला, कारण लोकांनी मतपेटीतून सरकार उलथवले. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने लोकसभेची मुदत परत पाच वर्षे झाली, आणि आणीबाणीतसुद्धा जगण्याचा हक्क कोर्टात मागता येईल असे लिहिले गेले. पण हे सगळे झाले, कारण निवडणूक झाली. तेवढी एक खिडकी उघडी राहिली. तीही बंद असती तर?

म्हणून कोणताही पक्ष असो, लाल, भगवा, तिरंगी, कोणत्याही झेंड्याचा, जेव्हा एखादा पुढारी उभा राहून सांगेल की "तुमच्या भल्यासाठीच आम्ही हे करतो, फक्त याविरुद्ध तक्रार चालणार नाही," तेव्हा भले कोणते ते नंतर पाहू. आधी ती शेवटची ओळ वाचा. ती ओळ दिसली की समजा, दुसरी नोटीस लागली.

आमच्या त्या गिरणीतली नोटीस कशी निघाली, तेवढे सांगून संपवतो. ती कोर्टाने काढली नाही, मंत्र्याने काढली नाही. आम्ही दोन्ही पाळ्यांचे लोक रोज सकाळी तिच्यासमोर उभे राहून ती मोठ्याने वाचायचो. शिव्या नाहीत, दगड नाही, नुसते वाचायचे. आणि एकीकडे युनियनने लेबर कमिशनरकडे अर्ज टाकला होता. बाराव्या दिवशी नोटीस दारावर नव्हती. सहा साच्यांचे पुढे पाच झाले. पुरे जिंकलो नाही. पण तक्रारीचे कलम राहिले. आज ती लढाई आम्ही अजून लढू शकतो, ती त्या कलमाच्या जोरावर.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!